धाकट्याचं नळीतलं जेवण

आधी ताईंचं सांगतो, मग काय झालं ते. उलट्या क्रमाने सांगायला गेलं की लोक अपघातातच अडकतात. कुठे झाला, कसा झाला, गाडी कोणती होती, विचारत बसतात आणि ताई राहूनच जातात. माझं असं पाच-सहा वेळा झालंय.

ताई म्हणजे वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात रोग्यांच्या खाण्याचं बघणाऱ्या बाई. डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षं लहानच असतील, पण पहिल्या दिवशी तोंडातून ताई निघालं आणि तेच राहिलं. त्या मला दादा म्हणायच्या. मूळच्या हिंगणीकडच्या, बोर धरणाच्या अलीकडे त्यांचं घर. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शिंप्याकडे असते तसली मापाची पट्टी, एक प्लास्टिकचं मापाचं भांडं आणि कोपरे दुमडलेली जाड वही. डॉक्टरांशी इंग्रजी बोलायच्या. माझ्याशी पुस्तकातली मराठी सुरू करायच्या आणि राग आला की दोन वाक्यांत वऱ्हाडीवर यायच्या. त्यामुळे राग आलाय हे मला लगेच कळायचं. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी जगवलं असं मी म्हटलं तर त्यांना आवडणार नाही. "जगवलं डॉक्टरायनं. मी तं फक्त खाऊ घातलं," असं म्हणतील. पण मी स्वयंपाकी आहे. त्यातला तो 'फक्त' मला पटत नाही.

आम्ही चंदगडकडचे. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि हॉटेलच्या कामाला लागलो. आधी बेळगाव, मग पुणे, मग कुणी कुणी बोलावत गेलं तसा सरकत सरकत इकडे वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगेजवळच्या हायवेवरच्या ढाब्यावर आलो. तिथे मी वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी. तीन वर्षांपूर्वी धाकट्याला मीच बोलावून घेतलं आणि भट्टीवर रोट्या लावायला शिकवलं. गावी आई एकटी. इथून घरी पोचायला गाडीत एक अख्खी रात्र आणि एक दिवस जातो. 'मीच बोलावून घेतलं' हे वाक्य पुढे किती जड झालं, ते ज्याने आपलं माणूस असं लांब आणलंय त्यालाच कळेल.

होळी तोंडावर आली होती. धाकटा सकाळी मोटारसायकलवर कारंज्याहून भाजी घेऊन येत होता आणि रस्त्यात रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर. इथे शेतातून एकदम उडी मारून डांबरावर येतं. हेल्मेट ढाब्यावर खुंटीला होतं. ट्रकवाल्यांनी त्याला उचलून कडेला घेतलं, रुग्णवाहिका बोलावली. मला फोन आला तेव्हा मी कांदा परतत होतो. गॅस बंद केला की नाही ते मला अजूनही आठवत नाही.

मेंदूला सूज आली होती. आत जागा पुरत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी उजव्या बाजूचा तळहाताएवढा कवटीचा तुकडा काढला आणि तो खराब होऊ नये म्हणून धाकट्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. "सूज उतरली आणि अंगात ताकद आली की परत बसवू," म्हणाले. मी सही केली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "डोस्क्याचं हाड पोटात? आरं, तू तरी शुद्धीवर हाईस न्हवं?"

अतिदक्षता विभागात दिवसातून दोनदा आत सोडायचे. दुसऱ्याच दिवशी पाहिलं तर धाकट्याच्या नाकात बारीक नळी आणि तिच्यातून दुधासारखं काहीतरी थेंब थेंब उतरतंय. पलंगापाशी ताई उभ्या होत्या. मी कोण ते विचारलं आणि सरळ प्रश्न सुरू केले.

"काय खायचे तुमचे भाऊ?"

"काहीही. सकाळी चार रोट्या, दुपारी चार, रात्री मोजत नाही."

"दूध पचायचं? अंडी?"

"दगड दिला तरी पचायचा." मग मला राहवलं नाही. "पण ताई, तो तर बेशुद्ध आहे. त्याला भूक कुठली लागायला?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय काम करता तुम्ही?"

"ढाब्यावर आचारी आहे. हा भट्टीवर असतो."

"गिऱ्हाईक नसलं तरी भट्टी पेटती ठेवता ना?"

"ठेवायलाच लागते."

"ह्यांचीही पेटलेली आहे. रोजच्यापेक्षा जास्त पेटलीय. डोक्याला असा मार बसला की माणूस पडून असतो, पण शरीर आतून धावत सुटतं. बाहेरून कोळसा नाही घातला तर ही भट्टी विझत नाही, दादा. ती ह्यांचंच मांस जाळते. दंडाचं, मांड्यांचं, छातीचं. मग जखम भरायला काय उरणार? श्वास घ्यायला छातीत जोर कुठून आणणार?"

त्यांनी पट्टी काढली, धाकट्याच्या उजव्या दंडाभोवती गुंडाळली आणि आकडा वहीत लिहिला. "दर सोमवारी हे मोजीन. डॉक्टर डोक्याचे फोटो पाहतील. मी दंड पाहीन."

डोक्याचे फोटो मला कळत नव्हते. भट्टी कळत होती. त्या दिवसापासून मी त्या नळीकडे बघायला लागलो. काचेच्या दारातून दुधाळ रेघ खाली सरकताना दिसली की मला बरं वाटायचं. थांबलेली दिसली की कुणाला तरी विचारल्याशिवाय हलायचो नाही. नर्स सांगायच्या, तपासणीसाठी थांबवलंय, तासाभराने चालू होईल. मी तिथेच तास मोजत उभा राहायचो.

तीनेक आठवड्यांनी धाकट्याला साध्या वॉर्डात आणलं. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, नाकातली नळी तशीच. डोळे उघडायचा, पण ते कुणावर ठरायचे नाहीत. डावा हात-पाय निपचित. आणि पडून पडून पाठीला, माकडहाडावर, लिंबाएवढी जखम झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं. "ही जखम भरायला हवी आणि वजन वाढायला हवं. तोवर हाड बसवणं धोक्याचं आहे. अशक्त शरीरात जंतू शिरला तर ते हाडही काढून टाकावं लागेल." म्हणजे डोकं जुळायचं ते पाठीवर अडलं होतं आणि पाठ भरायची ती पोटावर अडली होती. आणि पोट आता माझ्याकडे आलं होतं.

कारण वॉर्डात नळीतलं जेवण नातेवाइकांनी बनवायचं असतं. ताईंनी मला सगळं शिकवलं. उशाकडून पलंग वर उचलायचा, नळी जागेवर आहे का ते आधी नर्सकडून बघून घ्यायचं, जेवण सावकाश आपल्या वजनाने उतरू द्यायचं, मागून पाणी सोडून नळी धुवायची आणि पुढे अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवणात दूध, उकडलेलं अंडं, भाजून शिजवलेली मुगाची डाळ आणि तांदूळ, केळं, तेल, साखर, किंचित मीठ. एका वेळेला अडीचशे मिली. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, दर अडीच तासांनी. मिली आणि ग्रॅम ऐकून माझा चेहरा पडला तो त्यांनी ओळखला असावा. "तुमची पळी आणा," म्हणाल्या. माझ्या पळीने पाणी मोजून त्यांनी सगळं पळीत बसवून दिलं. डाळ इतक्या पळ्या, दूध इतक्या. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी सातवीत थांबलो नसतो, असं तेव्हा मनात आलं.

दवाखान्यासमोर नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. तिथे गॅस आणि ओटा. एप्रिलचं वर्ध्याचं ऊन, वर पत्रा. एका वेळेचं जेवण पुढच्या वेळेपर्यंत टिकायचं नाही, दर वेळी ताजं करायला लागायचं. शेजारच्या ओट्यावर एक काकू होत्या. घराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना त्यांचा नवरा छपरावरून पडलेला, आमच्या शेजारच्याच पलंगावर होता. तो तोंडाने जेवायला लागला होता, म्हणून त्यांनी आपला मिक्सर मला दिला. काकूंचं तोंड दिवसभर चालायचं. नवऱ्याला म्हणायच्या, "कवेलू फेरायले सांगतलं होतं, उडाले नाई सांगतलं. आता खा गुमान." तो पडल्या पडल्या हसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातून नळी बुजली. डाळीचा दाणा अडकला असेल. मी घाबरून जोर लावला, ते उलटं बाहेर उडालं. नर्सला नळी काढून दुसरी घालावी लागली. धाकट्याला शुद्ध नव्हती, पण त्याने मान हिसडली, नाकातून रक्त आलं आणि त्याचा उजवा हात हवेत काहीतरी पकडायला गेला. मी तो हात धरला. मनाशी ठरवलं की माझ्यामुळे हे पुन्हा होणार नाही.

आणि त्याच निश्चयाने मी त्याला जवळजवळ उपाशी मारला.

काय केलं ते सांगतो. पुण्यातल्या माझ्या पहिल्या वस्तादाने शिकवलं होतं की रस्सा फडक्यातून गाळल्याशिवाय पाहुण्याच्या ताटात जाता कामा नये, जिभेला कण लागला की आचारी नापास. ते माझ्या हातात मुरलेलं होतं. मी मलमलचं फडकं आणलं, दुहेरी केलं आणि मिक्सरमधून काढलेलं जेवण त्यातून गाळायला लागलो. मग तिहेरी केलं. फडकं पिळून जे उतरेल ते रेशमासारखं. अडीचशेच्या रेघेपर्यंत भरत नसे, तर वरून उकळून गार केलेलं पाणी घालायचो. फडक्यात उरलेला गोळा शेडच्या मागे एका कुत्र्याला टाकायचो. नळी पुन्हा एकदाही बुजली नाही. नर्स म्हणाल्या, तुमच्यासारखं कुणी बनवत नाही. मला त्याचा अभिमान होता. हे लपवून उपयोग नाही.

सोमवारी ताईंनी दंड मोजला. आकडा उतरलेला. "पूर्ण देता ना?"

"पूर्ण. रेघेपर्यंत."

"जुलाब? उलटी?"

"काही नाही."

पुढच्या सोमवारी आणखी उतरला. धाकट्याच्या गालाची हाडं वर आली. पाठीची जखम पांढुरकी, ना वाढत होती ना भरत होती. ताईंनी जेवणाची एक वेळ वाढवली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कुठे जंतू आहे का ते शोधलं. मी नेमाने करत होतो. घड्याळ चुकलं नाही, फडकं रोज उकळून वाळवलं. मनात एकच येत होतं की मी याला इथे आणलं आणि हा माझ्यासमोर वितळतोय. आईचा रोज फोन. "जेवला का?" मी म्हणायचो, जेवला. ते खोटं नव्हतं, असं तेव्हा मला वाटत होतं.

तिसऱ्या सोमवारी ताईंनी पट्टी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. मग वही मिटून म्हणाल्या, "दुपारचं कधी बनवता?"

"अडीचला."

अडीचला त्या शेडमध्ये हजर. उलट्या डब्यावर बसल्या. "बनवा. मी नाही आहे असं समजा."

मी बनवलं. डाळ-तांदूळ मऊ शिजवलेला, अंडं, दूध, केळं, पळीने मोजून तेल. त्या मान हलवत होत्या, सगळं बरोबर. मग मी फडकं काढलं. घडी घातली, पातेल्यावर धरलं, ओतलं, पिळलं. पिळताना मी मुद्दाम जरा झोकात पिळलं, परीक्षक बसलेत म्हणून. रेघेला दोन बोटं कमी पडलं तसं पाणी घातलं आणि गोळा टाकायला निघालो.

"थांबा. ते कुठं चाललं?"

"गाळ आहे. कुत्र्याला."

काकू आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, "त्या कुत्र्याले पाह्यलं का तुमी, ताई? आलं तवा बरगड्या मोजून घ्या असं होतं. आता भल्लं पैलवान झालं. मी म्हणो, या वस्तादाच्या हाताले गुण आहे."

ताई हसल्या नाहीत. हात पुढे केला. मी फडकं दिलं. त्यांनी ते उघडून गोळा बोटाने पसरवला. पिवळा, पांढरा, रवाळ.

"हे पिवळं काय आहे?"

"डाळ."

"हे पांढरं?"

"अंडं."

"डाळ इथं आहे, अंडं इथं आहे. मंग भावाले काय देऊन राह्यले तुम्ही? धुवण?"

धुवण म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. गोठ्यात ओततात ते. मी खाली बसलो. काकूंनी आपला गॅस बंद केला. कुत्रं शेडच्या कडेला शेपूट हलवत उभं होतं आणि त्याच्याकडे बघवेना. त्याच्या अंगावर चढलेलं ते सगळं मांस माझ्या धाकट्याचं होतं.

"ताई," मी म्हणालो, "डॉक्टरांना सांगा. मीच केलंय. पण मला इथून घालवू नका."

"काऊन घालवतील तुमाले?" त्यांचा आवाज उतरला आणि भाषा परत पुस्तकी झाली. "दादा, तीन आठवडे मी तुम्हाला विचारतेय, किती देता. कसं बनवता ते एकदाही विचारलं नाही. आचारी आहेत, म्हटलं, त्यांना काय विचारायचं. ही माझीही चूक आहे आणि डॉक्टरांना मी तशीच सांगणार आहे. दोघांची मिळून. आता उठा. पुढची वेळ पाच वाजता आहे."

मी आयुष्यात इतक्या लवकर रडणं आवरलं नव्हतं.

गाळायचंच नाही असंही नव्हतं, नळी पुन्हा बुजली असती. ताईंनी वेगळी वाट दाखवली. डाळ आणि तांदूळ आधी भाजून गिरणीतून अगदी बारीक पीठ करून आणायचं, मग शिजवायचं. अंडं गरम दुधात घालून फिरवायचं, एकदा नव्हे, तीनदा. फडकं बंद, चहाची बारीक गाळणी घ्यायची आणि गाळणीत जे उरेल ते परत मिक्सरमध्ये टाकायचं. गाळणी रिकामी होईपर्यंत. "कुत्र्याला काही मिळालं नाही पाहिजे," म्हणाल्या. शेवटची गोष्ट मला जादूच वाटली. गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, हलकं भाजून दळायचं आणि शिजवलेली घट्ट पेज कोमट झाली की त्यात एक चमचा ते पीठ ढवळायचं. थोड्या वेळात ती पळीला चिकटणारी पेज पाण्यासारखी सैल होते. पाणी थेंबभर न घालता. म्हणजे पेज पातळ दिसते, पण ताकद घट्ट पेजेचीच. मी पंधरा वर्षं चुलीपुढे काढली आणि हे मला माहीत नव्हतं. माझी आई मोड आणून नाचणीचं सत्त्व करते, लहान पोरांना चारते. ती ते का करते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी ते काम ढाब्यावरच्या कुठल्याही कामापेक्षा कडक केलं. गाळणी उजेडात धरून बघायचो, कण दिसला की परत मिक्सर. काकू म्हणायच्या, "माह्या मिक्सरची मोटार जळन, वस्ताद." मी म्हणायचो, जळाली तर नवा घेऊन देतो. "नवा नको. तुमच्या भावानं एकडाव मले काकू म्हटलं की झालं." ताईंच्या वहीत मी स्वतःच्या अक्षरात लिहायला लागलो. किती दिलं ते, आणि त्यापुढे कसं बनवलं तेही. शुद्धलेखन मला येत नाही. ताईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

पहिल्या सोमवारी दंड तिथेच. दुसऱ्या सोमवारी दोऱ्याएवढा वाढला. ताईंनी पट्टी माझ्या हातात दिली. "तुम्ही मोजा. माझा विश्वास बसत नाही." मी मोजला. वाढला होता. जखमेत लाल लाल दाणे दिसायला लागले, नर्स म्हणाल्या हे चांगलं लक्षण. धाकट्याचे डोळे एका सकाळी माझ्यावर आले आणि तिथेच थांबले. पलंगाच्या या बाजूला गेलो तर इकडे, त्या बाजूला तर तिकडे.

आईला सांगितलं तेव्हा तिला वेगळीच घाई झाली. "मग आता तोंडात कायतरी घाल की रं. नाकातनं कुणी जेवतंय व्हय? देवाचं तीर्थ पाठवते, दोन थेंब तरी घाल." तिला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. पण ताईंनी सांगून ठेवलं होतं की त्याला गिळायचं आठवत नाहीये, आणि सगळ्यात धोक्याचं पाणीच. ते थांबत नाही, सरळ छातीत उतरतं. मी आईला म्हटलं, "तीर्थ पाठव. मी जपून ठेवतो. पण त्याच्या तोंडात ताई सांगतील तेव्हाच."

"कोण ह्या ताई? माझ्यापेक्षा मोठ्या?"

"जेवणाच्या बाबतीत हो," मी म्हणालो. आईने फोन ठेवला. दोन दिवस तिचा फोन आला नाही. मीही माघार घेतली नाही.

गळ्यातली नळी निघाली, भोक बुजत आलं. गिळणं तपासणाऱ्या मॅडमनी दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा हो म्हटलं, पण पाणी नाही, घट्टच. सुरुवात मऊ खिचडीने. मी केली, त्यांनी सांगितली तशी. ताईंनी पलंग सरळ केला, धाकट्याची हनुवटी किंचित खाली धरली आणि अर्धा चमचा त्याच्या जिभेवर ठेवला. मी पायाशी उभा. काकू त्यांच्या नवऱ्याला हाताने गप्प करत होत्या. धाकट्याने तोंड हलवलं. बराच वेळ हलवलं. गळ्याचा उंचवटा वर गेला आणि खाली आला. खोकला नाही. ताईंनी बोट वर केलं, म्हणजे थांबा, अजून बोलू नका.

तेव्हा तो बोलला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आवाज घासलेल्या तव्यासारखा.

"आळणी."

म्हणजे मीठ कमी आहे.

काकूच आधी हसल्या. "घ्या! वस्तादाची इज्जत गेली!" ताई तोंडावर वही धरून हसत होत्या. मी खिचडी चाखून बघितली. मीठ खरंच कमी होतं.

पोळ्याच्या आधी पाठीची जखम बंद झाली आणि दंड पहिल्या दिवशीच्या आकड्याच्या जवळ आला. डॉक्टरांनी पोटातून हाड काढून डोक्यात बसवलं. ते जंतूशिवाय बसलं, हे कळायला दहा दिवस लागले आणि त्या दहा दिवसांत मला एकही घास नीट गिळता आला नाही. ताई रोज विचारायच्या, "तुम्ही जेवले का?" मी हो म्हणायचो. त्या म्हणायच्या, "किती, ते नाही विचारलं. काय, ते सांगा."

त्या स्वतः मात्र डबा साडेतीन-चारला, वॉर्डाबाहेरच्या खिडकीशी, उभ्याने खायच्या. थंड पोळी, थंड भाजी. दोन घास झाले की कुणीतरी बोलवायचं, डबा झाकायच्या आणि जायच्या. निघायच्या दिवशी मी पहाटे उठून त्यांच्यासाठी डबा केला होता, वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी. त्यांनी तो न उघडता परत दिला. "नियम आहे, दादा. रोग्यांच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही." मी म्हटलं, आता तो रोगी नाही. "कागद निघेपर्यंत आहे," म्हणाल्या आणि दुसऱ्या पलंगाकडे वळल्या. तिथे नवीन माणूस आला होता, नाकात नळी. ताईंनी पट्टी काढली.

आता धाकटा माझ्याजवळ, ढाब्यामागच्या खोलीत असतो. तोंडाने जेवतो, पाणीही पितो, मिठावरून भांडतो. चालताना डावा पाय ओढतो. भट्टीजवळ मी त्याला जाऊ देत नाही, अजून नाही. डाव्या हातात पकड आलीय, पण थरथर आहे. सकाळी गिऱ्हाईक नसताना मी त्याच्या दोन्ही हातांत ताट देतो आणि ओट्यापासून बाहेरच्या खाटेपर्यंत चालायला लावतो. रिकामं ताट जातं. वरणाची वाटी ठेवली की सांडते. काल अर्ध्यापर्यंत गेला, तिथे सांडलं. त्याने शिवी दिली. मी फरशी पुसली, वाटी परत भरली आणि म्हटलं, चल.

ताई, तुमच्या दवाखान्याचा नियम या ढाब्यावर लागत नाही. ज्या दिवशी हा भरलेलं ताट थेंबभर न सांडता त्या खाटेपर्यंत नेईल, त्या दिवशी मी वर्ध्याला येऊन तुम्हाला घेऊन जाणार आहे. सुट्टी काढून ठेवा. तुम्ही बसून जेवायचं, गरम गरम जेवायचं, मधे कुणी बोलवणार नाही. रांधीन मी. पण ताट तुमच्यापुढे तोच आणून ठेवील. एवढं तुमचं फेडल्याशिवाय मी गावी परत जाणार नाही.